गाडी रात्री कुठे उभी राहते?

पुण्याच्या कोथरूडमधल्या एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत रात्री दहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक पिवळी वायर खाली सोडली जाते. वाऱ्याने हलू नये म्हणून दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला तिला सुतळीचा वेढा दिलेला आहे. खाली साइड मार्जिनमध्ये स्कूटर उभी असते. वायरीचे टोक तिच्या चार्जरला जाते, आणि जोडावर श्रीखंडाची रिकामी डबी उलटी घातलेली असते, पावसापासून बचाव म्हणून. सकाळी दूधवाला यायच्या आत वायर वर ओढली जाते, कारण वार्षिक सभेत तिच्यावरून एकदा कडाक्याचे भांडण झालेले आहे. गाडी घेताना मालकाने शोरूममध्ये रेंज विचारली, वॉरंटी विचारली, अनुदान विचारले. वायर कुठून सोडायची हा प्रश्न गाडी दारात आल्यावर पडला.

या वायरीला चिनी भाषेत रूढ नावच आहे: 'फेइ-शियान', म्हणजे उडती तार. एकाच अडचणीतून दोन देशांत एकच जुगाड निघाले. विजेवरची दुचाकी कोण घेतो याचा हिशेब मांडताना आपण पेट्रोलचा भाव, सरकारी अनुदान आणि पगार यांचे आकडे मांडतो. पण माणूस कोणत्या वस्तीत, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर राहतो याने किती फरक पडतो? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाहतूक आणि नगररचनेच्या अभ्यासकांनी या प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. वस्ती दोन वेगळी कामे करते: गाडीची गरज निर्माण करते, आणि गाडी बाळगणे शक्य किंवा अशक्य करते. पहिल्या कामाचा अभ्यास भरपूर झाला. दुसरे काम बराच काळ किरकोळ समजले गेले, आणि घोडे तिथेच अडते.

थोडा शब्दांचा घोळ निस्तरू. युरोपात ई-बाईक म्हणजे पेडल मारावेच लागते अशी सायकल. मोटर २५० वॅटची, आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबते. चीनमध्ये याच नावाखाली पेडलची सायकल आणि स्कूटरच्या घाटाची गाडी, दोन्ही येतात. आपल्याकडे ई-बाईक म्हटले की डोळ्यांसमोर स्कूटर येते. म्हणून एका देशाचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. रात्री उभे राहायला जागा आणि जवळ प्लग मात्र या सगळ्यांनाच लागतो.

'डी'ची बाराखडी

१९९७ साली रॉबर्ट सर्व्हेरो आणि कारा कॉकेलमन या दोघांनी सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातील प्रवासाचा अभ्यास करून तीन शब्द पुढे ठेवले. तिन्हींचे आद्याक्षर डी: डेन्सिटी, डायव्हर्सिटी, डिझाइन. पहिला शब्द घनतेचा, म्हणजे एकरी किती माणसे आणि किती नोकऱ्या. दुसरा सरमिसळीचा, म्हणजे घर, दुकान, शाळा, कचेरी एकमेकांत किती मिसळली आहेत. तिसरा आखणीचा: रस्ते जाळीसारखे आहेत की पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या, चौक किती जवळ, पदपथ आहे की नाही. पुढे यात आणखी दोन डी आले: हवी ती ठिकाणे किती सहज गाठता येतात, आणि बस किंवा रेल्वेचे स्थानक किती दूर आहे.

२०१० मध्ये रीड युइंग आणि सर्व्हेरो यांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. तिच्यातून निघालेली गोष्ट अनेकांना अनपेक्षित होती. मोटारीच्या वापरावर नुसत्या घनतेचा परिणाम फार थोडा. नोकऱ्या आणि बाजार हाताशी असण्याचा परिणाम त्याहून बराच मोठा. म्हणजे माणसे दाटीवाटीने राहिली म्हणून मोटारी कमी होत नाहीत. कामाची ठिकाणे जवळ आली तर होतात. उंच टॉवर बांधले की शहर आपोआप 'हरित' होते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या साऱ्या संशोधनावर एक जुना आक्षेप आहे. सायकलवेडा माणूस मुळातच सायकलला सोयीच्या वस्तीत घर शोधतो. मग श्रेय वस्तीचे की त्याच्या वेडाचे? शिन्यु काओ, पॅट्रिशिया मोख्तारियन आणि सुझन हँडी यांनी २००९ मध्ये ३८ अभ्यास तपासून याचे उत्तर शोधले. माणसाच्या आवडीचा वाटा बाजूला काढला तरी वस्तीचा स्वतंत्र परिणाम उरतो, असे बहुतेक अभ्यासांत दिसले. तो किती मोठा, याबाबत मात्र एकमत नव्हते. विजेच्या दुचाकीच्या अभ्यासांनाही हाच आक्षेप लागू होतो. शिवाय आपल्याकडे बहुतेक कुटुंबे घर निवडताना बजेट, आईवडिलांचे घर आणि मुलांची शाळा बघतात. दुचाकीची सोय या यादीत फार खाली येते, त्यामुळे इथे वस्तीचा परिणाम उलट जास्त निखळ दिसायला हवा.

ना जवळ, ना दूर

साधी सायकल ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने चालते. अर्ध्या तासात सात-आठ किलोमीटर, त्यापुढे घाम आणि कंटाळा. मोटरची मदत मिळाली की त्याच अर्ध्या तासात दहा-अकरा किलोमीटर होतात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण त्रिज्या दीडपट झाली की वर्तुळाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. तेवढ्या वर्तुळात मावणाऱ्या नोकऱ्या, शाळा, दवाखाने त्याच प्रमाणात वाढतात. चढाचा प्रश्नही मोटर सोडवते. स्वित्झर्लंडमधले लोझान हे चढउतारांचे शहर आहे. तिथे साध्या सायकलीला मर्यादा होत्या आणि विजेच्या सायकलीने नवे लोक सायकलवर आणले. नॉर्वेमध्ये असलक फ्यूरी आणि हान्ने बेआटे सुंडफोर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विजेची सायकल घेणाऱ्यांचे रोजचे सरासरी सायकलिंग २.१ किलोमीटरवरून ९.२ किलोमीटरवर गेले.

यातून एक गमतीचा पेच निघतो. उत्तम आखलेल्या, आटोपशीर गावात सगळे दोन-तीन किलोमीटरवर असते. तिथे साधी सायकल किंवा पायच पुरतात, मोटर कशाला? आणि सगळे वीस-तीस किलोमीटरवर असेल तर विजेची सायकलही तोकडी पडते. म्हणजे वस्ती जितकी दाट तितकी मालकी जास्त, असे सरळ रेषेतले नाते इथे नाही. मालकी वाढते ती मधल्या पट्ट्यात: शहराच्या गाभ्याबाहेर, जुन्या उपनगरांत, मोठ्या शहराभोवतीच्या लहान गावांत.

नेदरलँड्स: सायकलची खोली

युट्रेख्टजवळचे हाउटेन हे या पेचाचे चालतेबोलते उदाहरण. १९७० च्या दशकापासून हे गाव मुद्दाम सायकलसाठी आखले गेले. मोटारीने एका पेठेतून शेजारच्या पेठेत थेट जाता येत नाही; आधी बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जायचे आणि वळसा घालून पुन्हा आत शिरायचे. सायकलवाला मात्र मधून, झाडांखालून, सरळ जातो. गावातल्या गावात मोटरची गरज नाही. ती लागते ती शेजारच्या शहरात कामाला जाताना. आर्नम आणि नाइमेखेन या दोन शहरांना जोडणारा सायकलींचा जलद मार्ग २०१५ मध्ये पुरा झाला तो अशाच अंतरांसाठी. देशात २०२० पासून नव्या सायकलींच्या विक्रीत निम्म्याच्या आसपास वाटा विजेच्या सायकलींचा आहे. तरी दाट शहरांच्या गाभ्यात त्या कमी आणि कमी दाट भागांत जास्त दिसतात. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरात जिना शिडीसारखा उभा, सायकल रात्रभर रस्त्यावर, चोरीची भीती कायम. लाखोंची सायकल तिथे कोण घेईल?

डच घरबांधणीत एक बारकावा आहे. तिथल्या बांधकाम नियमांत नव्या घराला बाहेरून जाता येईल अशी साठवणीची खोली देण्याची सक्ती होती, आणि ती खोली व्यवहारात सायकलचीच. २००३ च्या नियमावलीत ही सक्ती गेली. बाजार बघून घेईल, असा विचार होता. २०१२ च्या नियमावलीत ती परत आली: किमान ५ चौरस मीटर, रुंदी किमान १.८ मीटर. म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. जगातल्या सर्वांत सायकलप्रेमी देशालाही कळले की सायकलची खोली बिल्डरच्या मर्जीवर सोडता येत नाही. आज तिथे बॅटरी चार्ज होते. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात मुळात ती नसेलही.

चीन: भिंती गेल्या, मार्गिका राहिल्या

जगातल्या बहुतेक विजेच्या दुचाकी चीनमध्ये आहेत, तीस कोटींहून जास्त. हे कसे घडले याचे उत्तर बऱ्याच अंशी जमिनीच्या वापरात आहे. जुन्या व्यवस्थेत कारखाना आणि कामगारांची घरे एकाच आवारात असत. त्या आवाराला 'दानवेइ' म्हणत. आपले गिरणगाव आठवावे: भोंगा झाला की चाळीतून चालत गिरणीत. १९९८ च्या गृहनिर्माण सुधारणांनंतर सरकारी घरवाटप थांबले, लोक दूरच्या नव्या वसाहतींत गेले, कारखानेही शहराबाहेर सरकले. दोन किलोमीटरचे अंतर दहावर गेले. सायकलींच्या काळात बांधलेल्या रुंद, दुभाजक घातलेल्या मार्गिका मात्र जागेवर होत्या. त्यातच अनेक मोठ्या शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर बंदी किंवा कडक मर्यादा घातल्या. २००४ च्या वाहतूक कायद्याने विजेच्या दुचाकीला 'बिनमोटार वाहन' ठरवले आणि तिला सायकलच्या मार्गिकेत शिरायला मोकळीक मिळाली. अंतर वाढलेले, रस्ता तयार, स्पर्धक हद्दपार. आणखी काय हवे?

कुनमिंगमध्ये क्रिस्टोफर चेरी आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे सर्वेक्षणे केली. ही गाडी नसती तर कशाने गेला असतात, या प्रश्नाला सर्वांत जास्त आलेले उत्तर होते: बसने. याचा अर्थ लावताना वसाहतींची आखणी डोळ्यांपुढे हवी. कुंपण घातलेले प्रचंड ब्लॉक, दोनच फाटके, बसथांबा पार पलीकडच्या टोकाला. घरापासून थांब्यापर्यंतची पायपीटच बसला हरवते. त्यामुळे तिथे विजेच्या दुचाकीने मोटारी किती कमी केल्या, यापेक्षा बसमधली किती माणसे उचलली, हा प्रश्न जास्त टोचणारा आहे.

अमेरिका: गॅरेज आहे, रस्ता नाही

अमेरिकी उपनगराने हे चित्र उलटे करून दाखवले. घराला स्वतंत्र गॅरेज, गॅरेजमध्ये प्लग, वर परवडणारे उत्पन्न. गाडी ठेवायची काही अडचण नाही. पण घरांच्या भागात दुकान काढायला झोनिंगची मनाई, बंद गल्ल्यांतून बाहेर पडायला एकच वाट, आणि ती थेट सहा पदरी रस्त्यावर. दूध आणायला जायचे तर ट्रकांच्या शेजारून. त्यामुळे तिथे गाडी विकत घेतली जाते आणि रविवारी फिरायला निघते. डेन्व्हरने २०२२ पासून विजेच्या सायकलींवर थेट सूट दिली, कमी उत्पन्नाच्या लोकांना जास्त, आणि मागणी ओसंडली. सूट खरेदी घडवते. रोजचा वापर घडवायला रस्ता लागतो. मालकी आणि वापर हे दोन वेगळे आकडे आहेत, हे आढावा घेणाऱ्याने कधी विसरू नये.

पुणे: एका शहरात चार शहरे

एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे आता स्कूटरचे शहर आहे. बजाजची विजेवरची चेतक जानेवारी २०२० मध्ये पहिल्यांदा विक्रीला आली ती इथे आणि बंगळुरूत. पण एकाच शहरात वस्त्या चार तऱ्हांच्या आहेत, आणि प्रत्येकीचा विजेच्या दुचाकीशी व्यवहार निराळा.

पेठांत सरमिसळ भरपूर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. शाळा, मंडई, बँक, दवाखाना सगळे दोन किलोमीटरच्या आत. अभ्यासकांचे बहुतेक डी इथे पैकीच्या पैकी मार्क मिळवतात. पण वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत पार्किंग तुटपुंजे, आणि गाडी रात्री बोळात, शेजाऱ्याच्या गाडीला टेकून. वीज दोन मजले वर.

कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या. कामावर जायचे अंतर सहा-आठ किलोमीटर, म्हणजे नेमका मधला पट्टा. घरातली बाई याच स्कूटरवर मुलाला शाळेत सोडते, भाजी घेते, मग ऑफिस गाठते. तीन थांब्यांच्या अशा फेरीला बस कामाची नाही. गरज पुरेपूर आहे. अडते ते मीटरच्या खोलीपाशी: प्लग कोणाच्या मीटरवर, वायर कुठून, परवानगी कोणाची. कमिटीचे उत्तर ठरलेले: 'एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल.'

वाकड, हिंजवडी, खराडीचे टॉवर तिसऱ्या तऱ्हेचे. बेसमेंटमध्ये ठरलेली जागा, कॅमेरे, वॉचमन, कुठे कुठे बिल्डरनेच दिलेले चार्जिंग. जमिनीचा वापर मात्र अमेरिकी उपनगराच्या वाटेवर: इथे फक्त घरे, तिथे फक्त ऑफिसे, मधे एकच तुंबलेला रस्ता. ज्याला चार्जिंगची सोय मिळाली तो मोटार परवडणाराही असतो, आणि एकदा मोटार आली की ठरलेली जागा तिचीच.

चौथी तऱ्हा कोणत्याही आराखड्यात नव्हती. शहराच्या कडेला गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जमिनीवर, ३३ फूट बाय ३३ फुटांच्या तुकड्यांवर उभी राहिलेली घरे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित होण्याची वाट दिली. रस्ते अरुंद, सांडपाण्याची बोंब. पण दार जमिनीवर उघडते. संध्याकाळी स्कूटरचे पुढचे चाक उंबऱ्यावर चढवायचे, गाडी व्हरांड्यात घ्यायची, आणि टीव्हीशेजारच्या बोर्डात चार्जर खोचायचा. कमिटी नाही, परवानगी नाही, वायरीचे भांडण नाही. नगररचनेच्या पुस्तकात जी वस्ती नापास, ती विजेच्या दुचाकीच्या परीक्षेत टॉवरच्या पुढे. सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरसारख्या शहरांतल्या बैठ्या घरांनाही हेच लागू पडते: अंतरे बेताची आणि पोर्च स्वतःचा.

डीच्या यादीत मला म्हणून एक भर घालावीशी वाटते: दार. घराचे दार आणि गाडी यांच्यातले अंतर, पायऱ्यांत आणि वायरीच्या फुटांत मोजलेले. घनता आणि सरमिसळ नकाशावर मोजता येतात म्हणून मोजली गेली. दाराजवळचे शेवटचे तीस फूट मोजायला जिना चढावा लागतो.

आग लागते तेव्हा

हे तीस फूट केवळ सोयीचे नाहीत. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी नानजिंगमधल्या एका निवासी इमारतीत आग लागून १५ माणसे गेली. आग सुरू झाली ती तळमजल्याच्या मोकळ्या खांबांमधल्या भागात, जिथे विजेच्या दुचाकी उभ्या असत. आपण ज्याला स्टिल्ट पार्किंग म्हणतो, तेच हे. वर जाणाऱ्या जिन्यांचे तोंड नेमके तिथे. चीनने त्याआधीच, १ ऑगस्ट २०२१ पासून, उंच इमारतींच्या जिन्यांत आणि मार्गिकांत या गाड्या ठेवायला आणि चार्ज करायला मनाई केली होती. काही इमारतींत तर लिफ्टमधला कॅमेरा दुचाकी ओळखतो आणि ती बाहेर काढेपर्यंत दार मिटत नाही. आपल्याकडे १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादमध्ये तळघरातल्या ई-बाईक शोरूमला लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ जण दगावले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींनी १८ बळी घेतले. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटरीच्या विक्रीवर बंदी आली.

म्हणजे कमिटीचा सेक्रेटरी घाबरतो ते अगदीच उगाच नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. नुसती मनाई केली की गाडी जात नाही; बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर, पलंगाशेजारी चार्ज होऊ लागते. धोका साइड मार्जिनमधून बेडरूममध्ये जातो. कुंपणाच्या भिंतीलगत, जिन्यापासून लांब, वर पत्रा आणि स्वतंत्र एमसीबी असलेली पाच प्लगची जागा हे याचे सुरक्षित उत्तर आहे. चिनी वसाहतींत अशा शेड आता सर्रास दिसतात.

हाती काय लागते

एवढ्या अभ्यासांतून काही गोष्टी खात्रीने सांगता येतात. मालकी वाढते ती मधल्या अंतरांच्या वस्तीत. सरमिसळ असेल तर गाडी रोज वापरली जाते, नसेल तर गॅरेजमध्ये धूळ खाते. सुरक्षित मार्गिका आधीपासून असेल तर गाडी झपाट्याने पसरते. आणि बस दूर असेल तर ती गाडी मोटारीआधी बसचे प्रवासी खाते, म्हणून नुसते विक्रीचे आकडे पाहून पाठ थोपटून घेऊ नये.

धोरणांचा रोख मात्र अजून विक्रीवर आहे. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमांत बदल करून नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागांसाठी चार्जिंगची तरतूद सुचवली. पाऊल चांगले, पण ते नव्या इमारतींपुरते. कोथरूडची चार मजली सोसायटी १९८८ ची आहे. तिला लागू होईल असा नियम साधा असू शकतो: रहिवाशाने स्वतःच्या मीटरवरून, मान्यताप्राप्त इलेक्ट्रिशियनकडून, ठरलेल्या जागी प्लग मागितला तर कमिटीने नाही म्हणू नये, फक्त जागा सुरक्षित ठरवावी.

हिशेब करून बघितला. तीन युनिटच्या बॅटरीला एका रात्रीची वीज तीसेक रुपयांची. दोन-तीन दिवसांतून एकदा चार्ज केली तर महिन्याला तीन-चारशे. वार्षिक सभेतले भांडण एवढ्याशा विजेच्या वायरीवरून झाले होते. त्या भांडणाच्या वेळी पहिल्या मजल्यावरच्या काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. सुनेसाठी विजेची स्कूटर घ्यायचे त्यांच्या घरात दिवाळीपासून चालले आहे. सभा संपल्यावर जिन्यात त्या एवढेच म्हणाल्या, "आधी ते वायरीचं काय ते ठरू दे बाई, मग बघू." उद्या कोणी सर्वेक्षणाचा कागद घेऊन दारात आले तर त्यांच्या नावापुढे 'खरेदीचा विचार नाही' अशी खूण पडेल.